डुकरिणीचे डोहाळे

१

दर गुरुवारी सकाळी आठ वाजता मी डुकरं तोलते. सव्वीस वर्षं जनावरांची डॉक्टर आहे. अडलेल्या म्हशींच्या पोटात खांद्यापर्यंत हात घातलेत, चावऱ्या कुत्र्यांचे जबडे उघडलेत. पण डुकराचं पिल्लू उचललं की ते जे किंचाळतं, त्याची सवय मला अजून झालेली नाही. खाडीपलीकडची माणसं म्हणायची, गुरुवारी आम्हाला घड्याळ बघावं लागत नाही.

त्या गुरुवारी सात पिल्लं होती, पाच आठवड्यांची. डुकरांच्या राखणीला असलेली क्लारा एकेक उचलून काट्यावर ठेवत होती आणि मी कानातला बिल्ला वाचून वजन लिहीत होते. एक, दोन, तीन. पुढच्याच्या कानात बिल्ला नव्हता.

"क्लाराबाय, चार नंबराचो बिल्लो खंय गेलो?"

"माका काय ठाऊक? काल सांजेक व्हतो."

"म्हणजे कुंपणाक घासून तोडल्यान. तुमचा लक्ष खंय आसता?"

"माझा लक्ष डुकराकडे आसता," क्लारा म्हणाली. "बिल्ल्याकडे तुमचा."

उत्तराला उत्तर तिच्याकडे नेहमी तयार असे, म्हणून तर माझं तिच्याशी जमायचं. मी नवा बिल्ला घेतला आणि पिल्लाचा कान धरला. बिल्ला तुटून पडला तर कान फाटतो. हा कान फाटलेला नव्हता. त्याला भोकही नव्हतं. बोटाखाली मात्र काहीतरी चपटं, कडक लागलं.

कान उन्हाकडे धरला. कोवळा गुलाबी कान, त्यात शिरांची जाळी, आणि जाळीच्या मागे पिवळा चौकोन. त्यावरचा चारचा आकडा मला स्वच्छ वाचता आला. सूज नाही, पू नाही, व्रण नाही. एक शीर चौकोनाच्या कडेपर्यंत येऊन त्याच्यावरून पलीकडे गेली होती.

"लहान अंग आहे, जखम लवकर भरते," मी म्हणाले. क्लारानं काही विचारलं नव्हतं. वहीत लिहिलं, 'बिल्ला आत. सूज नाही.' आणि नवा बिल्ला दुसऱ्या कानात मारला.

२

आमचं केंद्र म्हणजे मालवणजवळ खाडीकाठी बंद पडलेला बर्फाचा कारखाना. दीड हात जाडीच्या भिंती, खिडकी एकही नाही. दार लावलं की बाहेर खाडी आहे हेसुद्धा कळत नाही. कणकवलीचे सर्जन डॉ. श्रीपाद यांनी तो घेतला, खेटे घालून परवानग्या मिळवल्या आणि मला बोलावलं. मी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, "डॉक्टर, माणसांचं तुम्ही बघा, डुकरांचं मी बघते. एकमेकांच्या कामात नाक खुपसायचं नाही." ते हसले. शेवटपर्यंत त्यांनी ते पाळलं.

क्लाराला मी आणलं. तिच्या आईपासून त्यांच्या परसात डुकरं होती. डुकरिणीच्या चालण्यावरून ती विणार कधी ते सांगणारं दुसरं माणूस माझ्या माहितीत नव्हतं. आणि क्लाराची एकुलती एक मुलगी मर्लिन हीच आमची पहिली रुग्ण होती. आई राखणीला आणि लेक खाटेवर, हे कुठल्या नियमात बसतं? बसत नव्हतं. पण लेकीच्या जिवासाठी जी जनावरं वाढवायची, ती आईपेक्षा जास्त जपून कोण वाढवणार होतं?

मर्लिन सत्तावीस वर्षांची, शाळेत चित्रकला शिकवणारी. बाविसाव्या वर्षी तिची दोन्ही मूत्रपिंडं गेली. बापानं, बाप्तिस्तानं, आपलं एक दिलं. अकराव्या दिवशी मर्लिनच्या अंगानं ते फेकून दिलं. तेव्हापासून तिच्या रक्तात इतकी प्रतिपिंडं झाली होती की आई, मावसभाऊ, परकी माणसं, कुणाचंच चालेना. आठवड्यातून तीनदा बाप्तिस्त तिला रिक्षातून कणकवलीला डायलिसिसला न्यायचा. "पोटच्या पोरीन माका परत धाडल्यान," तो हसत सांगायचा. पण सांगून झालं की रिक्षाची काच पुसत बसायचा. तिच्या दोन्ही हातांच्या शिरा संपल्या होत्या. डायलिसिसची नळी घालायला आता मानेतली एक जागा उरली होती. ती बंद झाली की पुढे काही नव्हतं.

आमची युक्ती मी क्लाराला सांगितली ती अशी. जन्माआधी प्रत्येक अंगात एक राखणदार तयार होत असतो. गावाला असतो तसाच. कामाला लागण्याआधी तो घरची माणसं ओळखून घेतो. गर्भातल्या त्या मोजक्या दिवसांत जे आत असेल ते घरचं. नंतर येईल ते परकं, त्याला दारातच धरायचं. तर आपण त्या दिवसांत मर्लिनच्या हाडातल्या मगजाच्या पेशी डुकरिणीच्या पोटातल्या पिल्लांमध्ये सोडायच्या. पिल्लांना मर्लिन घरची होते आणि तिथे वाढलेल्या मर्लिनच्या पेशींना डुक्कर घरचं होतं. मग त्या पेशी पिल्लांच्या रक्तातून गोळा करून मर्लिनच्या अंगात परत पाठवायच्या. त्या तिच्या राखणदाराला सांगणार, ह्याला आम्ही ओळखतो, येऊ दे. आणि मग त्याच डुकराचं मूत्रपिंड बसवायचं.

क्लारानं सगळं ऐकून घेतलं. "म्हणजे राखणदाराक आमी फसवतलंव," ती म्हणाली.

"फसवणा नाय. वळख करून देणा."

३

आता डोहाळ्यांचं सांगायला हवं. त्यात माझी चूक आहे आणि ती मी कबूल करते. पुढं जे झालं ते तिच्यामुळे झालं, हे मात्र मी अजून कबूल केलेलं नाही.

जानेवारीत मी सातही गर्भांना सुई दिली. डुकरिणीच्या पोटावर लहान छेद, समोर सोनोग्राफीचा पडदा, आणि अंगठ्याएवढ्या जिवात सुईचं टोक. माझा हात एकदाही हलला नाही. नियमाप्रमाणे त्यानंतर डुकरिणीला स्वच्छ खोलीत ठेवायचं, उकळलेलं पाणी आणि मोजलेलं खाणं द्यायचं. तिनं तीन दिवस खाण्याला तोंड लावलं नाही. माझ्या जिवाला घोर लागला, कारण ती रोडावली तर पोटातलं सगळं जाणार होतं.

"तिका डोहाळे लागलेहत," क्लारा म्हणाली.

मी हसले. "डुकरिणीक?"

"मगे? पोटूशी ती पोटूशी. गाभणीक कोंडून ठेवू नये. मनात येयत ता खावंक द्यावा, नायतर पिल्लांची लाळ गळता. माझी आवस सांगी."

चौथ्या दिवशी मी कणकवलीहून लवकर परतले तर खोली रिकामी. ओहोटी होती. खाडीत कांदळीच्या मुळांमध्ये डुकरीण गुडघाभर चिखलात उभी होती आणि मागे क्लारा, एका हातात दोरी, दुसऱ्या हातानं झगा वर धरून. डुकरीण खात होती. चिखल, कुजकी पानं, कुर्ल्या, खडकावरची कालवं कवचासकट, फुटक्या होडीची शिंपल्यांनी भरलेली फळी, जाळ्याचा तुकडा. प्रत्येक घासानंतर ती मान खाली घालून क्षणभर थांबायची आणि मग पुढचा घास घ्यायची.

मी ओरडायला हवं होतं. पण तीन दिवसांनी ती खात होती आणि मला इतकं हायसं वाटलं की मी काठावर उभी राहून तिचे घास मोजू लागले.

"दोनच दिवस हां, क्लाराबाय. मगे परत आत."

"धा दिवस लागतीत."

"कोणी सांगल्यान?"

"तिणाच," क्लारा म्हणाली. आम्ही दोघी हसलो.

दहा दिवस मी काणाडोळा केला. अकराव्या दिवशी डुकरीण खाडीकडे गेलीच नाही. आपण होऊन खोलीत जाऊन आडवी झाली आणि दिलेलं खाऊ लागली. गर्भातला राखणदार घरचं-परकं ओळखतो ते दिवस साधारण तेवढेच असतात. पण नाळेतून चिखल जात नाही. कालव जात नाही, फळी जात नाही. कागद-पेन्सिल आणा, मी कुणालाही आकृती काढून पटवून देईन.

४

बिल्ला माझ्या डोक्यातून जाईना. मी घाबरणाऱ्यातली नाही, पण न समजलेली गोष्ट तशीच सोडणाऱ्यातलीही नाही. सागवानाची तांदळाच्या दाण्याएवढी दोन कुसळं उकळून घेतली. एक चार नंबरच्या पोटाच्या कातडीखाली ठेवलं आणि दुसरं क्लाराच्या परसातल्या गावठी पिल्लाच्या.

तिसऱ्या दिवशी गावठी पिल्लाला सुपारीएवढी सूज आली. पाचव्या दिवशी पू झाला आणि कुसळ आपोआप बाहेर पडलं. असंच व्हायला हवं. चार नंबरला काहीच झालं नाही. खात होता, वाढत होता.

दहाव्या दिवशी मी ते काढायला बसले. क्लारानं पिल्लाला मांडीवर उताणं धरलं. कातडी बधिर करायचं औषध टोचलं आणि छोटा छेद दिला. कुसळ ठेवलं होतं तिथेच होतं, रंगही सागवानाचाच. चिमट्यात धरून ओढलं तर येईना. जोर लावला तेव्हा पिल्लू किंचाळलं.

"औषध कमी पडला काय?" क्लारानं विचारलं.

कमी पडलेलं नव्हतं. छेद दिला तेव्हा त्याला कळलंही नव्हतं. मी पुन्हा चिमट्यानं फक्त लाकडाचं टोक दाबलं, कातडीला न लागता. पिल्लू पुन्हा किंचाळलं.

मग मी शस्त्रानं लाकूडच आडवं कापलं. कापलेल्या टोकावर लाल ठिपका आला. पुसला. परत आला. तीनदा पुसला, तीनदा आला. ते आजूबाजूचं रक्त असेल, असं मी स्वतःला सांगितलं आणि बाजूच्या जखमेकडे बघितलं. ती कोरडी होती.

मी श्रीपादांना फोन लावला आणि सगळं सांगितलं.

"म्हणजे ह्याचं अंग काहीच नाकारत नाही?"

"काहीच नाही. लाकूडसुद्धा नाही."

"चारुताबाई," ते म्हणाले, "मर्लिनला आणखी काय हवंय?"

खोटं कशाला बोलू, मला अभिमान वाटला. जगात कुणाला न साधलेलं आमच्या बर्फाच्या कारखान्यात साधलं होतं, आणि ती सुई माझ्या हातची होती.

५

जूनपासून चार नंबरच्या रक्तातून काढलेल्या पेशी मर्लिनला द्यायला सुरुवात केली. तीन वेळा दिल्या. तिच्या रक्तातली प्रतिपिंडं उतरत गेली आणि ऑगस्टअखेर अहवालात शून्य आलं. श्रीपादांनी तो कागद मला पाठवला. मी तो क्लाराला वाचून दाखवला तेव्हा ती खाणं ढवळत होती. ढवळतच राहिली, पण डोळ्यांतलं पाणी तिनं पुसलं नाही.

मर्लिन एकदा चार नंबरला बघायला आली. तोवर तो चांगला आडमाप झाला होता. कठड्यावर कोपरं टेकून तिनं त्याचं चित्र काढलं.

"डॉक्टरमावशी, म्हणजे माझ्या लग्नात हेच्या मांसाचा सोरपोतेल गावाचा नाय तर."

"तुझ्या लग्नात हेका पाटावर बसवतलंव," मी म्हणाले. क्लारा दोघींवर रागावली, पण तिलाही हसू आलं होतं.

सप्टेंबरात एका सकाळी क्लारानं मला हाक मारली. "बाई, ह्या दोन उठनत नाय."

दोन आणि सहा नंबर भिंतीकडे एकमेकांना लागून पडले होते. डुकरं अशीच झोपतात. मी टाळी वाजवली. दोघं एकदम उठली आणि आमच्याकडे आली. मला आधी काही वेगळं दिसलं नाही. मग मी दोघांच्या मधून भिंत दिसायची वाट बघितली, आणि ती दिसली नाही.

खांद्यापासून मांडीपर्यंत मध्ये फट नव्हती. हात फिरवला. एकाची कातडी संपते आणि दुसऱ्याची सुरू होते अशी जागा बोटांना लागेना. केस एकावरून दुसऱ्यावर सरळ गेले होते. पण सगळ्यात नकोसं वाटलं ते त्यांचं चालणं. आठ पाय होते आणि एकही अडखळत नव्हता.

मी ती कापून वेगळी केली. क्लारानं डोकी धरली. संध्याकाळपर्यंत दोन्ही जखमा भरल्या. दुसऱ्या दिवशी सुताराला बोलावून सात डुकरांना सात कोठ्या करून घेतल्या आणि वहीत लिहिलं, 'दोन व सहा, जखम.' हे खोटं होतं. मी ते लिहिलं.

हात धुताना क्लारानं विचारलं, "बाई, ह्यां मर्लिनाक होतला?"

"मर्लिन डुकर नाय."

"तेंच्या आंगातला शिकलेला तिच्यात गेलाहा ना?"

मी नळ बंद केला. "थांबवया काय? एक फोन करतय श्रीपादांक. थांबतला सगळा."

"मानेतली जागा किती दिवस टिकात?"

"दोन म्हयने. जास्तीत जास्त."

"मगे इचारतास कित्याक?" ती एकदम मोठ्यानं म्हणाली. कोठीतली डुकरं गप्प झाली. "माझा चेडू जगांदे. मगे काय होवचा ता होवंदे. वहीत लिवलास ता बरा केलास."

मी फोन केला नाही.

६

नोव्हेंबरात एकदाचं घोडं गंगेत न्हालं. चार नंबरला मी भूल दिली, पुढचं श्रीपादांनी केलं. टाके घालून रक्त सोडलं आणि दोन मिनिटांत मूत्रपिंड गुलाबी झालं. टेबलावरच लघवीची धार लागली. इतक्या वर्षांच्या सर्जनचे डोळे भरलेले मी तेव्हा पहिल्यांदा पाहिले.

अकरावा दिवस उजाडला. बापाचं मूत्रपिंड गेलं तो हाच दिवस होता. बाप्तिस्त सकाळपासून भिंतीला पाठ लावून उभा. संध्याकाळी नर्स लघवीनं भरलेली पिशवी घेऊन बाहेर आली तर त्यानं ती तिच्या हातातून घेतली आणि येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवत सुटला. नर्सनं मोठ्या मुश्किलीनं ती परत मिळवली. बारावा दिवस गेला, महिना गेला. नवीन मूत्रपिंड टिकवायला माणसं जन्मभर गोळ्या खातात. मर्लिनला एकही गोळी नव्हती. नाताळात ती पायी चर्चला गेली. मी त्या दिवसांत कुणाकडे गेले की पाणी प्यायच्या आधी विषय काढायची.

श्रीपादांनी एकदा फोनवर हसत सांगितलं, "चारुताबाई, गंमत ऐका. टाके काढायला बसलो तर टाके सापडलेच नाहीत."

मीही हसले.

७

फेब्रुवारीत क्लारा आठ दिवस कामावर आली नाही. मर्लिनच्या दोन तपासण्या चुकल्या. फोन केला की बाप्तिस्त म्हणायचा, "बरी आसा, एकदम बरी." दुपारचं जेवण झाल्यावर मी पिशवी घेतली आणि त्यांच्या घरी गेले.

बाप्तिस्त पायरीवर बसला होता. समोर रिक्षा, तिच्या काचेवर बोटानं लिहिता येईल इतकी धूळ.

"येवा, बाई. आत आसत दोगी." मी चपला काढल्या तेव्हा तो खालच्या आवाजात म्हणाला, "तिका हात लावू नकात हां."

आतल्या खोलीची खिडकी बंद होती. भिंतीवरच्या देव्हाऱ्यातला लाल दिवा तेवढा उजेड. ओहोटीच्या वेळी खाडीला येतो तो वास. खाटेवर मर्लिन आणि भिंतीच्या बाजूला तिला लागून क्लारा, दोघींच्या मांडीवर एकच चादर. मध्ये खांद्यापर्यंत उभी केलेली उशी. कुठेतरी टक असा आवाज झाला. पाल असेल. थोड्या वेळानं पुन्हा झाला.

"डॉक्टरमावशी! बसा," मर्लिन म्हणाली. "माका काय झालेला नाय. आई उगीच सुट्टी घेता."

खरंच तिला काही झालेलं नव्हतं. गाल भरले होते, डोळे स्वच्छ, नखं गुलाबी. माझ्या सवयीनं मी पायावर सूज आहे का बघायला चादरीखालून बाहेर आलेल्या पावलाकडे नजर टाकली. घोट्यावर करड्या रंगाचं, खडबडीत काहीतरी होतं.

"काय गो ह्यां?"

"कालवा काढूक गेललंव. खडक लागलो. तेवा एक चिकाटलाहा." वाळलेल्या चिखलाबद्दल बोलावं तशी ती बोलली. "दुखणा नाय."

मी वाकले. नखाभोवती मांस असतं तशी कवचाच्या कडेवर तिची कातडी चढली होती. बाजूला तसलीच तीन-चार होती, मसूरडाळीएवढी. मोठ्या कालवाची फट किंचित उघडी होती आणि आत ओलं होतं. मी बोट जवळ नेलं. टक करून ते मिटलं.

"क्लाराबाय, तुमी तरी सांगूक होया व्हता!"

मला पाहून क्लारा उठली नाही, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं. मी कधीही घरी गेले तरी ती आधी उठायची. तिनं डाव्या हातानं चादर बाजूला केली.

तिचा उजवा हात मर्लिनच्या डाव्या हातात होता. बोटांत बोटं. मी ती मोजायला गेले. सातच्या पुढे मला मोजता आली नाहीत.

"परवा दोपारी जेवून आडवी झालंव," क्लारा म्हणाली. "तिचो हात हातात व्हतो. इतक्याच झाला."

मी हातमोजे घातले आणि पिशवी उघडली. हे काम मी आधी केलं होतं, नीट केलं होतं. "दोन मिनटाचा काम. दुखाचा नाय," मी म्हणाले, आणि माझा आवाज मला हवा तसा स्थिर होता. फक्त एक गोष्ट बघायची होती. मर्लिनचा राखणदार झोपला असेल, पण क्लाराचा तर जागा होता. काजूचा डिंक लागला तरी तिच्या हाताला फोड यायचे. तिच्या बाजूनं लाली हवी होती, सूज हवी होती. मी दिवा लावून बघितलं. काही नव्हतं. पोटात वाढवलेल्या लेकराच्या थोड्याशा पेशी आईच्या अंगात जन्मभर राहतात, हे मला पुस्तकातून ठाऊक होतं. त्यांनी आतून दार उघडलं असेल, असा विचार मनात आला. तो मी बाजूला सारला.

एक बोट क्लाराच्या मनगटावर ठेवलं, दुसरं मर्लिनच्या गळ्यावर. क्लाराचं वय अठ्ठावन्न, रक्तदाबाच्या गोळ्या चालू. दोन नाड्या दोन चालीनं चालायला हव्यात. मी पूर्ण मिनिट मोजलं, मग आणखी एक मिनिट मोजलं. मला एकच नाडी सापडली.

मी शस्त्र हातात घेतलं. "हात सैल सोडा, क्लाराबाय."

"नको, बाई."

"ह्यां वाढतला. आज हात आसा, उद्या..."

"ठाऊक आसा माका." ती शांत होती. इतकी शांत मी तिला पाच वर्षांत पाहिली नव्हती. "पाच वर्सा हिका त्या मशनीवर बघलंय. दर टायमाक मनात येय, पोटात व्हती तेव्हाच काय ती बरी व्हती. भायर इल्यापासना माझ्या हातान तिचा काय एक झाला नाय. आता ती आपणहून येताहा. येवंदे."

मर्लिनला झोप लागत होती. तिची मान उशीवर कलंडली. "आई, हयसर ये गो," ती पुटपुटली.

उशी बाप्तिस्तानं ठेवली असणार. मी ती घट्ट धरली. क्लारानं मोकळ्या हातानं तिचं दुसरं टोक धरलं आणि माझ्याकडे बघितलं. ओढली नाही, नुसती धरून राहिली. मला रडू येत होतं. मी अजून ती धरून ठेवू शकले असते.

मी सोडली. क्लारानं उशी काढून पायाशी ठेवली, लेकीचं डोकं जवळ ओढलं आणि तिचा गाल आपल्या मानेला लावला.

"भायर जाताना दार ओढून घेवा, बाई," ती म्हणाली.

मी ओढून घेतलं.